आधी मोजा, मग काढा!



वेळ अमावास्येला यंदा आम्ही हैदराबादहून नौबादला गेलो. आपल्या सीमाभागातल्या माणसाला या सणाचं काय असतं ते सांगायला नको. शेतात कडब्याची खोप, खोपीत पांडव, भज्जी, उंडे आणि मडक्यातलं आंबील. दिवसभर ऊन, वारा, धूळ आणि पंचवीस माणसांचा गलका. संध्याकाळी गाडीतून घरी येतानाच आमची चार वर्षांची लेक खोकायला लागली. रात्री अकरानंतर तो खोकला ओला झाला. छातीत खरखर, मध्येच ढास, मग रडणं. पहाटे दोनला एकदम उलटी झाली आणि उलटीत पांढरा चिकट कफ पडला.

घर जागं झालं. आज्जी म्हणाली, "लेकराची छाती गच्च झालीय. ओवा-लसणाची धुरी द्या." आईनं अडुळशाचा काढा ठेवायला घेतला. आत्यानं पर्समधून खोकल्याच्या सिरपची अर्धी बाटली काढली, तिच्या नातवाची उरलेली. बायको म्हणाली, "सकाळी अँटिबायोटिक सुरू करू या का?" आणि मी, बी. ई. झालेला माणूस, मोबाईल हातात घेऊन सगळ्यांच्या मध्ये उभा. उपाय चार, माणसं सहा, आणि नेमकं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नाही.

त्या रात्रीनंतर मी बरंच वाचलं, आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंना बरंच विचारलं. थंडीत आपल्या प्रत्येकाच्या घरी ही रात्र येतेच, म्हणून यावेळचा लेख ओल्या खोकल्यावर. शेवटी आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगायला थोडं जड जातंय.

कफ म्हणजे शत्रू नव्हे

नौबादच्या लोकांना सुरंग बावी माहीत आहे. पंधराव्या शतकातलं, बहमनी काळातलं हे करेझ. जमिनीखालून खोदलेला लांब बोगदा, मध्ये मध्ये विहिरीसारखी उभी तोंडं, आणि हलक्या उतारावरून आपोआप वाहणारं पाणी. ना पंप, ना मोट. मात्र गाळ साचला की हे सगळं थांबतं. मागच्या दशकात त्याचा गाळ उपसला तेव्हा वर आलेला चिखल बघून लोक नाक मुरडत होते. पण तो चिखल बाहेर येणं म्हणजेच काम होणं होतं.

आपल्या श्वासनळ्यांचंही असंच आहे. त्यांच्या आतून कायम पातळ चिकट थर असतो. हा कफ आजारी पडल्यावरच तयार होतो असं नाही, निरोगी माणसातही रोज होतो. त्यात बहुतेक पाणीच असतं. धूळ, जंतू, धूर त्यात अडकतात. खाली अतिसूक्ष्म केस असतात, ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून हा थर हळूहळू घशाकडे ढकलतात आणि आपण तो नकळत गिळून टाकतो. सर्दीचा विषाणू आला की कफ वाढतो, घट्ट होतो, केसांना पेलवत नाही. मग शरीर जोरानं हवा सोडून तो बाहेर फेकतं. तोच ओला खोकला.

म्हणजे कोरडा खोकला आणि ओला खोकला यांना एकच औषध नाही. ओला खोकला दाबायचा नसतो, त्याला मदत करायची असते. सर्व्हरवर रात्री अलर्ट वाजला म्हणून आमच्या कामात कुणी अलर्टच बंद करून झोपला, तर सकाळी त्याची खैर नसते. खोकल्याच्या बाबतीत मात्र आपण सगळे हेच करायला धावतो.

लहान मुलांना कफ थुंकता येत नाही. ती तो गिळतात, पोटात साचला की उलटी होते आणि नंतर बरं वाटून झोपतात. आमची लेकही झोपली. एखाद्या अशा उलटीनं घाबरायचं कारण नसतं.

त्या रात्रीचे चार उपाय

धुरी: आज्जीची माफी मागून सांगतो, नको. ओवा असो, लसणाची सालं असोत की लोबान, धूर तो धूर. आधीच सुजलेल्या नळ्यांना तो आणखी चिडवतो. ओव्याची कोमट पुरचुंडी कपड्यावरून छातीला शेकायला हरकत नाही, पण आधी आपल्या मनगटाला लावून बघा. तान्ह्या बाळाला कापूर किंवा कापराचा मलम लावू नका, आणि कुणाच्याच नाकपुडीत लावू नका.

सिरप: उरलेली बाटली कधीच नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे कफ सिरपमधल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषानं लहान मुलं दगावली, ते आपण सगळ्यांनी वाचलं. हे विष नवं नाही. १९८६ साली मुंबईत ग्लिसरीनमधून याच विषानं १४ रुग्ण गेले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला होता. छिंदवाड्यानंतर केंद्र सरकारनं पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा देऊ नयेत. बाटली चांगली असली तरी काही मिश्र सिरपमध्ये कफ सैल करणारं आणि खोकला दाबणारं अशी दोन्ही औषधं एकत्र असतात. एका पायानं एक्सिलरेटर, दुसऱ्यानं ब्रेक.

अँटिबायोटिक: सर्दीसोबतचा बहुतेक खोकला विषाणूचा असतो, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. "पण कफ हिरवा आहे!" हे आपलं नेहमीचं वाक्य. हिरवा रंग येतो तो जंतूंशी लढणाऱ्या आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका द्रव्यामुळे. नुसत्या रंगावरून औषध ठरत नाही.

अडुळसा: इथे आईला थोडे गुण द्यावे लागतील. अडुळशातलं व्हॅसिसीन हे द्रव्य घेऊन शास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन बनवलं आणि त्यातून पुढे अँब्रोक्सॉल आलं. कफ पातळ करणारी ही दोन्ही औषधं आज दुकानात मिळतात. म्हणजे परसातल्या झुडपाचं नातं थेट औषधाच्या कारखान्याशी आहे. पण काढ्यात ते किती उतरलं हे मोजता येत नाही, म्हणून लहान मुलांना तो देऊ नये. गरोदर बाईनं तर अडुळसा घेऊच नये, त्यानं गर्भाशय आकुंचन पावू शकतं. ज्येष्ठमधाचंही तसंच. चघळायला एखादा तुकडा ठीक, पण बीपीच्या माणसानं रोज घेतलं तर बीपी वाढतं.

मग करायचं काय?

पाणी. कोमट पाणी, वरणाचं पाणी, टोमॅटोचं सार, पेज, जे घशाखाली उतरेल ते, थोडं थोडं आणि वरचेवर. शरीर कोरडं पडलं की कफ आणखी चिकट होतो.

मध. एक वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा ते एक चमचा. मुलांवर झालेल्या अभ्यासांत मधानं रात्रीचा खोकला थोडा कमी झालेला दिसला आहे. एक वर्षाच्या आत मात्र मधाचं बोटही नको. त्यात एका जंतूची बीजं असू शकतात, त्यातून बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बाळाला मध चाटवायची रीत आपल्याकडे आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आलं, तुळस, सुंठ-गूळ, हळदीचं दूध. ऊन ऊन प्यायलं की घशाला आराम पडतो, एवढी अपेक्षा ठेवा आणि खुशाल प्या. दुधानं कफ वाढतो असं आपण ऐकत आलो, पण ऑस्ट्रेलियात सर्दी झालेल्या माणसांवर हे तपासलं तेव्हा दुधानं कफ वाढलेला आढळला नाही. दूध लाळेत मिसळून घट्ट लागतं, त्यामुळे तसं वाटतं.

वाफ. मोठ्या माणसाला वाफेनं मोकळं वाटतं, पण उकळतं पातेलं आणि लहान मूल एका चादरीखाली नकोत. भाजण्याचे अपघात असेच होतात.

मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या मोठ्यांनी कराव्यात. नाक चोंदलेल्या मुलाच्या नाकात सलाईनचे थेंब घालावेत, कारण रात्रीचा पुष्कळसा खोकला नाकातून घशात उतरणाऱ्या शेंबडाचा असतो. मोठ्यांनी उशी थोडी उंच घ्यावी.

आणि एक युक्ती, जी मला कुणीच शिकवली नव्हती. जोरजोरात खोकून घसा सोलवटण्यापेक्षा कफ वर आणायचा सोपा मार्ग आहे. ताठ बसायचं. चार-पाच श्वास सावकाश. मग मध्यम खोल श्वास घेऊन क्षणभर थांबायचं आणि तोंड उघडं ठेवून "हाऽऽ" करून हवा सोडायची. चष्म्याची काच पुसण्याआधी तिच्यावर वाफ सोडतो ना, अगदी तसं, फक्त जरा जोरानं. दोन-तीनदा केलं की कफ वर सरकतो, मग एकच खोकला पुरतो. फिजिओथेरपिस्ट हेच शिकवतात. लेकीला मी हे कपाटाच्या आरशासमोर शिकवलं. आरशावर ढग काढायचा खेळ म्हणून तिनं दिवसभर केलं.

मोजणं

बालरोगतज्ज्ञ बाईंना सकाळी फोन केला तेव्हा त्यांनी औषध सांगितलंच नाही. त्या म्हणाल्या, "ती शांत झोपलीय ना? मग पूर्ण एक मिनिट तिचे श्वास मोजून मला सांगा."

हे प्रत्येक आईबापाला यायला हवं. मूल शांत असताना किंवा झोपेत, पोट-छाती उघडी ठेवून, घड्याळ लावून पूर्ण साठ सेकंद. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त असतील तर तो न्यूमोनिया असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल पाणीही पीत नसेल, तर मोजतही बसू नका, निघा.

आमच्या लेकीचे २८ भरले. बाई म्हणाल्या, "छान. आता दिवस मोजा."

तेव्हा मला कळलं की सर्दीनंतरचा खोकला किती दिवस राहतो याचा आपला अंदाजच चुकीचा असतो. लोकांना वाटतं आठवडाभर. मोठ्या माणसांवरच्या अभ्यासांची २०१३ मध्ये एकत्र गोळाबेरीज झाली, तेव्हा सरासरी निघाली जवळजवळ १८ दिवस. सातव्या-आठव्या दिवशी आपण कंटाळून डॉक्टर बदलतो, औषध बदलतो, आणि मग खोकला त्याच्या वेळेनं थांबला की शेवटच्या औषधाला श्रेय देतो.

मी मोबाईलवर नोंद सुरू केली: दिवस पहिला, ताप नाही, श्वास २८, रात्री तीनदा उठली. सवयच आहे आमची, मोजलं नाही तर सुधारलं का बिघडलं ते कळणार कसं?

आणि मग

त्या सकाळी अंगणात बसून मी ही नोंद करत होतो. मागे मोरीपाशी अण्णा तोंड धूत होते. आणि खोकत होते. खरखर, ढास, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा. हा आवाज माझ्या इतका सवयीचा होता की तो मला ऐकूच येत नव्हता. त्या दिवशी, कानाला मोजायची सवय लागल्यामुळे असेल, ऐकू आला.

"अण्णा, तुमचा खोकला कधीपासूनचा?"

"कायबी नाही रे. तुरीची रास केली ना, भुसा गेलाय नाकात."

आई आतून म्हणाली, "भुसा आत्ता गेला. खोकला गणपतीच्या आधीपासून हाय."

मी बोटांवर हिशेब केला. शंभराहून जास्त दिवस. चार वर्षांच्या पोरीच्या एका रात्रीच्या खोकल्यावर सहा माणसं जागली आणि या माणसाचे शंभर दिवस कुणीच मोजले नव्हते. मीही दर रविवारी फोनवर तो खोकला ऐकत होतो आणि "काळजी घ्या अण्णा" म्हणून फोन ठेवत होतो.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करायची, हा आपल्या देशाच्या टीबी कार्यक्रमाचा साधा नियम आहे. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. मी "उद्या बीदरला जाऊ" म्हटल्यावर अण्णा गप्प झाले. दुपारी गोठ्यापाशी मला एकट्याला म्हणाले, "ते निघालं तर? मोठ्या काकाचं ताट-तांब्या वेगळं केलं होतं आपल्याच घरात. मी बघितलंय. पोरीला माझ्याजवळ येऊ देशील का?"

मी म्हटलं, "असं काय बोलता अण्णा." आणि त्याच रात्री लेकीचं अंथरूण त्यांच्या खोलीतून उचलून आमच्या खोलीत आणलं. रिपोर्ट येईपर्यंत ते शहाणपणाचंच होतं, हवेतून पसरणारा आजार आहे तो. पण मी ते त्यांच्याशी बोलून केलं नाही, त्यांची नजर चुकवून केलं. त्यांनी पाहिलं. काही बोलले नाहीत. चूक अंथरूण हलवण्यात नव्हती, चूक न बोलण्यात होती.

तपासणीला कफ लागतो, थुंकी नव्हे. पहिल्या डबीत अण्णांनी थुंकीच दिली होती, ती परत आली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांना अंगणात, मोकळ्या हवेत, सगळ्यांपासून लांब बसवलं. तोंड नुसत्या पाण्यानं खळखळून घेतलं, सावकाश श्वास, मग चष्म्यावर वाफ सोडतात तसं "हाऽऽ". तिसऱ्या वेळी जमलं. डबीचं झाकण घट्ट लावताना माझे हात थरथरत होते, त्यांचे नाही.

रिपोर्ट आला. टीबी नाही.

पण गोष्ट तिथे संपत नाही. एक्स-रे झाला, मग डॉक्टरांनी नळीत फुंकायची तपासणी केली, स्पायरोमेट्री. श्वासनळ्या अरुंद झाल्या आहेत असं निघालं. तीस वर्षांची बिडी आणि दर हंगामातली राशीची धूळ. सुरुवातीला ज्या सूक्ष्म केसांचं सांगितलं, त्यांना धूर आधी लुळं करतो. मग गाळ उपसायला खोकल्याशिवाय काही उरत नाही. या आजाराला सीओपीडी म्हणतात. झालेलं नुकसान पूर्ण भरून येत नाही, पण बिडी सुटली तर पुढचं नुकसान मंदावतं. इनहेलर सुरू झाला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं की बिडी सोडल्यावर काही दिवस कफ जास्तही सुटेल, तेव्हा घाबरून पुन्हा ओढू नका.

आता दोन महिने झाले. बिडी बंद आहे असं अण्णा म्हणतात. आई म्हणते एकदा गोठ्यामागे वास आला होता. राशीला यापुढे तोंडाला मास्क बांधायचा असं ठरलंय, बघू.

टीबी निघाला असता तरी सहसा सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होणारा आजार आहे तो, आणि ताट-तांब्यातून तो पसरत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. अण्णांना मी ते आधी सांगायला हवं होतं.

फ्रिजवर लावायचा कागद

आमच्या घरी आता हा लावलाय. तुम्हीही लावा.

मुलाचा श्वास जोरात असेल तर एक मिनिट मोजा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप किंवा खोकला असेल तर वाट न बघता दवाखाना. ताप तीन दिवसांहून जास्त, कफात रक्त, छातीत दुखणं, दम लागणं यांत घरगुती उपाय थांबवा. मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवड्यांपुढे गेला, किंवा वजन घटतंय, रात्री घाम येतोय, तर कफ तपासा. मुलाचा ओला खोकला चार आठवडे टिकला तर पुन्हा बालरोगतज्ज्ञ. बाकी सगळ्या रात्रींसाठी पाणी, मध, ऊब आणि धीर.

आणि एक काम आजच करा. गावाकडे फोन लावा आणि "तब्येत कशी आहे?" विचारू नका, कारण त्याचं उत्तर "बरं हाय" एवढंच येतं. विचारा, "खोकला कधीपासूनचा?" आणि तेच घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी विचारा.

लेकीचा खोकला सोळाव्या दिवशी थांबला. परवा व्हिडिओ कॉलवर ती अण्णांना म्हणाली, "आजोबा, ढग काढा." अण्णांनी चष्मा काढला, तोंडासमोर धरला आणि "हाऽऽ" केलं. मग खोकले. मग कफ थुंकायला उठून गेले. आम्ही सगळे थांबलो.

पुढच्या महिन्यात भेटू.